कुणी कुणाला फोन केला: सीडीआर, नात्यांचे नकाशे आणि आपलं खासगीपण

रानजाई (धागाकर्ती)

‘माझं बोलणं तर कुणी ऐकत नाही ना? मग नुसत्या नंबरांच्या यादीने काय बिघडतं?’ सीडीआरचा, म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्डचा, विषय निघाला की हा प्रश्न येतोच. परवा एका कौटुंबिक ग्रुपवर पुन्हा आला आणि तिथे चार ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा धागा.

मी टेलिकॉम कंपन्यांच्या डेटावर बरीच वर्षं काम केलं. आता ते क्षेत्र सोडलंय, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

सीडीआर म्हणजे तुमच्या प्रत्येक कॉलची एक ओळ. तुमचा नंबर, समोरचा नंबर, कॉल आला की केला, तारीख, वेळ, किती सेकंद, हँडसेटचा ओळखक्रमांक (आयएमईआय), सिमचा ओळखक्रमांक (आयएमएसआय), कॉल सुरू होतानाचा टॉवर आणि संपतानाचा टॉवर. एसएमएसचीही अशीच ओळ असते. बोललेला एक शब्दही त्यात नसतो.

आता समजा, एका बाईंच्या आठवड्याच्या ओळी तुमच्यासमोर आहेत. सोमवारी सकाळी पॅथॉलॉजी लॅबचा एसएमएस. दुपारी फॅमिली डॉक्टरांना फोन, चार मिनिटं. मंगळवारी एका कॅन्सर रुग्णालयाच्या अपॉइंटमेंटच्या नंबरवर दोनदा फोन. त्याच रात्री पावणेबाराला सांगलीच्या बहिणीला, सत्तेचाळीस मिनिटं. एरवी त्या बहिणीशी बोलणं रविवारी सकाळी होतं आणि दहा मिनिटांत आटोपतं. बुधवारी विमा कंपनी. गुरुवारी ऑफिसातल्या एचआरला फोन, पण टॉवर ऑफिसचा नाही, परळचा, म्हणजे त्या रुग्णालयाच्या भागातला. नवऱ्याच्या सीडीआरची ओळ शेजारी ठेवली तर त्याचाही टॉवर परळचाच. काय झालंय हे कुणाला सांगायला हवं का? त्या बाईंनी अजून सासूबाईंना सांगितलेलं नाही, हेसुद्धा त्या यादीवरून दिसतं, कारण सासूबाईंच्या नंबरवर त्या आठवड्यात एकही कॉल नाही.

हे मी मनाने रचलंय, पण असा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ८२३ स्वयंसेवकांच्या फोनमधल्या नोंदी त्यांच्या परवानगीने घेतल्या; निष्कर्ष २०१६ मध्ये छापले. हृदयरोगतज्ज्ञ, लॅब आणि हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणाची हेल्पलाइन, एवढ्या कॉलवरून एकाचा आजार ओळखला आणि तो खरा निघाला. दुसऱ्याकडे कोणत्या प्रकारची बंदूक आहे हेही असंच कळलं.

हे झालं एका माणसाचं. नकाशा तयार होतो तो सगळ्यांच्या ओळी एकत्र केल्यावर. प्रत्येक नंबर एक बिंदू, प्रत्येक कॉल एक रेघ. किती वेळा, किती वेळ, कोणत्या प्रहरी, यावरून रेघ जाड किंवा बारीक होते. बेल्जियममधल्या एका मोबाइल कंपनीच्या सुमारे २६ लाख ग्राहकांच्या कॉलवर २००८ मध्ये एकमेकांशी जास्त बोलणाऱ्यांचे गट शोधणारी एक पद्धत लावून पाहिली होती. आज ती लूव्हेन पद्धत म्हणून जगभर वापरतात. कॉम्प्युटरला कुणाचीही भाषा सांगितलेली नव्हती. तरी डच बोलणारे एकीकडे आणि फ्रेंच बोलणारे दुसरीकडे असे गट आपोआप पडले, मधल्या एकाच मोठ्या गटात दोन्ही मिसळलेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आपल्याकडे काय दिसेल हा विचार मनात आला. भाषाच नव्हे, जात, आडनाव, मूळ गाव. आपण कुणाशी बोलतो यात हे सगळं आहे, आणि ते आपण कुठल्याही फॉर्मवर लिहून दिलेलं नाही.

आणखी एक. अमेरिकेत एटी अँड टीच्या संशोधकांनी २००१ च्या सुमारास बिल बुडवून पळणारे ग्राहक असेच शोधले. माणूस नाव बदलतो, पत्ता बदलतो, नवं कनेक्शन घेतो. पण आईला, मित्राला, नेहमीच्या चार जणांना फोन करणं सोडत नाही. त्या चार नंबरांवरून नवा नंबर जुन्याच माणसाचा आहे हे कळतं. नंबर बदलला की आपण सुटलो, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मला सगळ्यात टोचतं ते हे की कॉलची नोंद दोघांची असते. माझा सीडीआर कुणी काढला तर माझ्या मैत्रिणीने मला रात्री दोनला फोन केला होता हेही त्याला कळतं. तिला कुणी विचारलं? तिच्यावर कसलाही संशय नाही, तिचं नाव कुठल्या कागदावर नाही, आणि तिला हे आयुष्यात कधी कळणारही नाही. मलाही नाही.

माझी मागणी साधी आहे. पोलिसांनी जरूर काढावा, तपासाला लागतोच. पण तपास संपल्यावर ज्याचा काढला त्याला कळवावं. तुम्हाला काय वाटतं?

बागायतदार_निफाड

ताई, धागा मन लावून वाचला, पण मला पटत नाही. आमच्याकडे गेल्या हंगामात विहिरींवरच्या मोटारी आणि केबल चोरीला गेल्या. ऐन पाण्याच्या दिवसांत मोटार गेली की बागेचं काय होतं ते शेतकऱ्याला विचारा. चोर सापडले ते सीडीआरवरूनच. भंगारवाल्याचा नंबर मिळाला, त्याच्याशी रात्री कोण बोलतं ते काढलं, तिघे उचलले. त्यासाठी आधी चार दप्तरं फिरायला लागली असती तर तांबं वितळून विकून झालं असतं. ज्याला काही लपवायचं नाही त्याने का घाबरावं?

जुना_एक्स्चेंज

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. एक गोष्ट तरुण मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो.

स्ट्रोजर एक्स्चेंजच्या, म्हणजे जुन्या यांत्रिक एक्स्चेंजच्या काळात गावातल्या गावात केलेल्या फोनची कुठेही नोंद राहत नसे. प्रत्येक ग्राहकाचा एक मीटर असे, कॉल झाला की आकडा एकाने पुढे सरके, बस. कुणाला केला हे यंत्रालाच माहीत नसे. एसटीडी आलं तेव्हा पल्सप्रमाणे मीटर जोरात पळू लागला, पण नंबर तेव्हाही लिहिला जात नव्हता. म्हणून तर ‘माझं बिल जास्त आलं’ या तक्रारींचा निकाल लागत नसे. ग्राहकाकडे पुरावा नसे आणि आमच्याकडेही नसे. नोंद व्हायची ती ट्रंक कॉलची. ऑपरेटर तिकिटावर दोन्हीकडचे नंबर आणि मिनिटं लिहायचा. पीपी कॉल, म्हणजे ठरावीक माणसालाच बोलावून द्यायचा कॉल असेल तर माणसाचं नावसुद्धा. आमच्या ट्रंक बोर्डावरच्या बायकांना गावातल्या निम्म्या व्यापाऱ्यांचे व्यवहार आणि बरीचशी लग्नं जुळण्याआधी माहीत असत, पण ते त्या खोलीतच राहायचं. बाहेर बोललं तर नोकरी जाईल ही भीती होती आणि लाजही होती.

पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली, ई-१०बी आली, सी-डॉट आलं. आता प्रत्येक कॉलची नोंद यंत्र स्वतःच करू लागलं. ग्राहकांनीच मागणी केली होती, तपशीलवार बिल द्या म्हणून, आणि ती रास्तच होती. आज ज्याला आपण पाळतीचं साधन म्हणतो ते बिलाच्या तक्रारी मिटवायला आलं. आता तर बहुतेकांचा प्लॅन अमर्याद कॉलचा आहे. बिलासाठी त्या ओळींची गरजच उरलेली नाही, तरी त्या ठेवल्या जातात. याचा कुणी विचार करतं का?

मुक्तछंद

जुना_एक्स्चेंज काका, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर परवान्याच्या अटीत आहे. पूर्वी कंपन्यांना या नोंदी किमान एक वर्ष ठेवाव्या लागत. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने अट बदलून दोन वर्षं केली. कारण सुरक्षेचं आहे, बिलाचं नाही.

मी वकिली करते, बहुतांशी फौजदारी. कायद्याची स्थिती सांगते.

फोन ऐकायचा असेल तर गृहसचिवांच्या पातळीवरचा लेखी आदेश लागतो आणि त्याची समितीकडून तपासणी होते. ही चौकट पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या निकालातून आली. ती नुसती कागदावर नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणात टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि केलेलं रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काहीच तिथे नव्हतं.

सीडीआरला यातलं काही लागत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम ९१ वापरत, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) कलम ९४. तपासासाठी एखादा दस्तऐवज हजर करा, असं सांगणारं हे सर्वसाधारण कलम आहे. बँकेचं स्टेटमेंट मागवतात तसाच सीडीआर मागवतात. २०१३ मध्ये एक मोठं प्रकरण झालं. अरुण जेटली तेव्हा राज्यसभेत विरोधी पक्षनेते होते आणि त्यांचे सीडीआर बेकायदा मिळवल्याबद्दल दिल्लीत खासगी गुप्तहेर आणि एका पोलीस शिपायासह काही जणांना अटक झाली. त्यानंतर नियम झाला की एसपी किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच सीडीआर मागवावा आणि दर महिन्याला किती मागवले ते जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावं.

पाच वर्षांनी, २०१८ मध्ये, ठाणे गुन्हे शाखेने सीडीआर विकणारी साखळी पकडली. त्यातही खासगी गुप्तहेर. गिऱ्हाईक कोण? नवऱ्यावर संशय असलेली बायको, बायकोवर संशय असलेला नवरा, धंद्यातला भागीदार. निफाडच्या दादांनी हे जरूर वाचावं. ‘लपवायला काही नाही’ हे आपण पोलिसांना उद्देशून म्हणतो, पण यादी एकदा तयार झाली की ती पोलिसांकडेच राहील याची हमी कोण देणार?

आणि २०२० मध्ये मोबाइल कंपन्यांच्या संघटनेनेच दूरसंचार सचिवांना पत्र लिहून हरकत घेतली होती. काही सर्कलमधल्या, म्हणजे दूरसंचार सेवाक्षेत्रांमधल्या, सगळ्या ग्राहकांचे ठरावीक दिवसांचे सीडीआर मागितले जात होते, तेही कुणाचा, कशासाठी हे न सांगता. विभागाने नंतर कॉल ड्रॉप आणि नेटवर्कचा दर्जा तपासण्यासाठी असं कारण दिलं. त्याच वर्षी केरळमध्ये कोविड रुग्णांचे सीडीआर पोलिसांनी गोळा करायला सुरुवात केली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा सरकारने फक्त टॉवर लोकेशन वापरतो असं सांगितलं.

२४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. हस्तक्षेप करायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. माझ्या मते कलम ९४ वर सगळ्या नोंदी उचलणं या तिसऱ्या कसोटीवर टिकणारं नाही, निदान संशयित नसलेल्या लोकांच्या बाबतीत तरी.

निवृत्त_पीआय

मुक्तछंद मॅडम आणि रानजाई मॅडम, दोघींचं लिखाण अभ्यासू आहे. मी दुसऱ्या बाजूने, म्हणजे एक्सेल शीट उघडून बसणाऱ्याच्या खुर्चीतून लिहितो.

सीडीआर आला की आम्ही आधी तीन गोष्टी पाहतो. सगळ्यात जास्त कॉल कुणाला. रात्रीचं लोकेशन कुठलं, म्हणजे माणूस झोपतो कुठे. आणि घटनेच्या आधी-नंतर फोन कधी बंद झाला, कधी चालू झाला, त्याच हँडसेटमध्ये दुसरं सिम पडलं का. लहान मूल हरवतं तेव्हा याच्यासारखं साधन नाही. आईवडील ठाण्यात बसलेले असतात आणि प्रत्येक तास मोलाचा असतो. तेव्हा दादांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

पण सीडीआरला जे सांगता येत नाही तेही लोकांना कळलं पाहिजे. फोन कुणाच्या हातात होता हे तो सांगत नाही. सिम बापाच्या नावावर, वापरतो मुलगा, आणि त्या दिवशी गाडीत विसरलेला. टॉवर म्हणजे जागा नव्हे. शहरात काही शे मीटर, माळावर काही किलोमीटर. आणि जवळच्या टॉवरवर गर्दी असेल तर फोन लांबचा पकडतो.

टॉवर डम्पचं तर फारच जपून. ठरावीक वेळात त्या टॉवरवर जेवढे नंबर वापरले गेले ते सगळे येतात, हजारोंनी. दोन घटनास्थळांचे डम्प घ्यायचे आणि दोन्हींत सामाईक नंबर शोधायचा, ही पद्धत. सोनसाखळी चोरीच्या एका तपासात असा सामाईक नंबर निघाला, पोरं खूश झाली. तो पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर होता. दोन्ही वसाहतींत त्याची रोजची फेरी. त्याचे सगळ्यात जास्त कॉल ज्याच्याशी, तो टँकरचा मालक, त्याच्यावर जुनी मारामारीची केस. झालं, नकाशावर टोळी तयार! दिवसभर बसवून ठेवलं त्याला. संध्याकाळी सीसीटीव्ही आल्यावर सोडलं. शेजारीपाजारी काय बोलले असतील, आणि त्या दिवसाच्या फेरीचे पैसे त्याला कुणी दिले असतील?

दूधवाला, टँकरवाला, इलेक्ट्रिशियन, रिक्षावाला, मोलकरीण. ज्यांचं पोटच अनेक घरांशी बोलण्यावर चालतं ते या नकाशात नेहमी मध्यभागी येतात. बंगल्यात बसून चार जणांशी बोलणारा कडेला राहतो. नव्या अधिकाऱ्यांना मी हे पहिल्या दिवशी सांगायचो.

तपास संपल्यावर कळवावं, ही मागणी मला मान्य आहे. मी तर म्हणेन डम्पमधले बिनकामाचे नंबर पुसून टाकण्याची लेखी जबाबदारी कुणावर तरी असावी. आज ती फाइल कुणाच्या पेनड्राइव्हमध्ये पडून आहे हे कुणी सांगू शकत नाही.

वार्ताहर

आमच्यासारख्या तालुका पातळीवरच्या बातमीदारांचं थोडक्यात सांगतो. वाळूउपशाची बातमी छापून आली की पहिला प्रश्न ‘खरं आहे का’ हा नसतो, ‘याला कुणी सांगितलं’ हा असतो. माझ्या फोनवर बातमीच्या आदल्या आठवड्यात महसूल खात्यातल्या कुणाचे कॉल आले एवढं कळलं तरी त्या माणसाची बदली ठरलेली. बोलणं ऐकायची गरजच नाही. माहिती देणारे आता फोन करत नाहीत, बाजारच्या दिवशी गाठतात. जे लांब राहतात ते गप्प बसतात.

बागायतदार_निफाड

टँकरवाल्याचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे द्राक्षतोडीला टोळ्या येतात, मुकादमाचा नंबर तालुक्यातल्या निम्म्या बागायतदारांकडे असतो. उद्या काही झालं तर पहिला तोच सापडायचा. हे डोक्यात आलं नव्हतं.

पण व्हॉट्सॲप कॉलवर गेलं की सीडीआरमध्ये काही येतच नाही म्हणतात, मग चोर तिकडेच जाणार ना?

रानजाई

दादा, बरोबर. व्हॉट्सॲपचा कॉल सीडीआरमध्ये येत नाही. मोबाइल कंपनीच्या आयपीडीआरमध्ये, म्हणजे इंटरनेट वापराच्या नोंदीत, एवढंच दिसतं की या वेळी या फोनने अमुक सर्व्हरशी डेटाची देवाणघेवाण केली. बोलणं कुलूपबंद असतं. कुणी कुणाशी बोललं ही नोंद मात्र त्या ॲपच्या कंपनीच्या हाताशी येते. म्हणजे नकाशा मिटला नाही, तो दुसऱ्याच्या घरी गेला. शिवाय आपली आख्खी फोनबुक आपण कुठल्या कुठल्या ॲपला देऊन बसतो ते वेगळंच. माझा नंबर ‘रानजाई, अमक्या डॉक्टरची पेशंट’ असा कुणी सेव्ह केला असेल तर तेवढं माझ्या परवानगीशिवाय पोहोचलं.

साखळी किती लांब जाते त्याचा हिशोब करून बघा. एका माणसाचे १०० नंबर. त्या प्रत्येकाचे १०० धरले तर दुसऱ्या पायरीला १०,०००. तिसऱ्या पायरीला १० लाख. सामाईक नंबर वजा केले तरी तालुका भरतो. एडवर्ड स्नोडेनने जून २०१३ मध्ये कागद बाहेर आणले तेव्हा कळलं की अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था संशयितापासून तीन पायऱ्यांपर्यंत जात होती. जानेवारी २०१४ मध्ये ओबामांनी त्या दोनवर आणल्या. मी वर सांगितलेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासाचा अंदाज असा की दोनच पायऱ्यांतसुद्धा एका नंबरामागे सरासरी २५,००० लोक सापडतात, कारण मध्ये कुठेतरी सगळ्यांच्या ओळखीचा एखादा नंबर येतो, कस्टमर केअरसारखा. एनएसएचे माजी प्रमुख मायकेल हेडन २०१४ मध्ये जाहीर कार्यक्रमात म्हणाले होते की आम्ही मेटाडेटाच्या, म्हणजे अशा कॉलच्या नोंदींच्या, आधारे माणसं मारतो. त्यानंतर तरी ‘नुसती नंबरांची यादी’ असं म्हणू नये.

राइनकाठचा

मी जर्मनीत राहतो. इथे हा विषय लोकांनी अंगावर घेतला, त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

माल्टे श्पिट्झ हा ग्रीन पक्षाचा राजकारणी. माझ्याबद्दल काय काय साठवलंय ते द्या, म्हणून तो आपल्या मोबाइल कंपनीविरुद्ध न्यायालयात गेला. शेवटी त्याला ऑगस्ट २००९ ते फेब्रुवारी २०१० अशा सहा महिन्यांची फाइल मिळाली, ३५,८३० ओळी. २०११ मध्ये ‘त्साइट’ या वृत्तपत्राच्या ऑनलाइन आवृत्तीने ती नकाशावर चालती करून दाखवली. तो कुठल्या गाडीत होता, कधी झोपला, कुठल्या सभेला गेला, सगळं मिनिटामिनिटाने सरकताना दिसतं. लोकांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं की ‘साठवणूक’ म्हणजे काय. एक गंमतीची नव्हे, महत्त्वाची गोष्ट: त्याने ज्यांच्याशी बोलणं केलं ते नंबर त्यालाही मिळाले नाहीत, इतरांच्या खासगीपणासाठी ते काढलेले होते. रानजाई म्हणतात तो ‘नोंद दोघांची असते’ हा मुद्दा तिथे पाळला गेला.

सक्तीने साठवण्याचा कायदा जर्मन घटना न्यायालयाने २ मार्च २०१० ला रद्द केला. सुमारे ३५ हजार नागरिक तक्रारदार होते. एप्रिल २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यामागचा युरोपीय निर्देशही रद्द केला.

सावली

दोन दिवस वाचत होते, लिहू की नको ठरत नव्हतं. मी बायकांसाठीच्या समुपदेशन केंद्रात काम करते.

इथे सगळी चर्चा पोलीस, सरकार, एनएसए यांची चाललीय. आमच्याकडे येणाऱ्या बाईला यातल्या कुणाची भीती नसते. तिला भीती असते बिलाची.

सिम नवऱ्याच्या नावावर असतं. फॅमिली प्लॅन असेल तर तपशीलवार बिल त्याच्या ईमेलवर येतं. प्रीपेड असेल तरी ज्याच्या नावावर सिम आहे त्याला मागचा तपशील मागता येतो. ट्राय या आपल्या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंतचा, जास्तीत जास्त ५० रुपयांत. आमचा नंबर साधा मोबाइल नंबर आहे. बाई फोनमधून तो पुसते, बिलातून पुसता येत नाही. ‘हा नंबर कुणाचा, मंगळवारी दुपारी बावीस मिनिटं कुणाशी बोलत होतीस’ इथून मार सुरू होतो. माहेरी किती वेळ बोलली हे कॅलेंडरवर लिहून ठेवणारा नवरा मी पाहिलाय. त्याला गुप्तहेर लागत नाही, सीडीआर विकत घ्यावा लागत नाही. त्याच्याकडे तो कायदेशीरपणे येतो.

म्हणून बायका शेजारणीच्या फोनवरून बोलतात, किराणा दुकानातून बोलतात. मग आमचा नंबर शेजारणीच्या बिलात जातो आणि तिच्या घरी प्रश्न सुरू होतात. एकीने तर फोन लावून काहीच न बोलता ठेवला. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष आली आणि म्हणाली, ‘किती सेकंद झाले की बिलात येतं ते मला माहीत नव्हतं.’

पोलिसांनी कळवावं ही मागणी चांगली आहे. पण ते कळवणार कुणाला? सिम ज्याच्या नावावर त्याला. म्हणजे पुन्हा नवऱ्यालाच.

राइनकाठचा

सावलीताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. जर्मनीत यावर कायद्यात तरतूद आहे. टेलिफोनवरून समुपदेशन करणाऱ्या सामाजिक आणि चर्चच्या संस्थांचे नंबर तपशीलवार बिलात छापायचे नाहीत. संस्था नोंदणी करते, बुंडेसनेट्झआगेंटूर म्हणजे इथली दूरसंचार नियामक संस्था त्या नंबरांची यादी ठेवते आणि कंपन्यांना ती पाळावी लागते.

मुक्तछंद

अमेरिकेतही डिसेंबर २०२२ मध्ये सेफ कनेक्शन्स नावाचा कायदा झाला. घरगुती हिंसाचाराला तोंड देणाऱ्या व्यक्तीने मागितलं तर फॅमिली प्लॅनमधून तिचा नंबर दोन कामाच्या दिवसांत वेगळा करून द्यायचा. आणि त्यांच्या नियामकाने २०२३ मध्ये नियम केला की मदतीच्या हेल्पलाइनना केलेले कॉल ग्राहकाला दिसणाऱ्या यादीत दाखवायचे नाहीत. कंपनीकडे नोंद राहते, न्यायालयाला हवी तर मिळते. खातेदाराला दिसत नाही. हे आपल्याकडे आणायला नवा कायदाही लागणार नाही, ट्रायच्या ग्राहक संरक्षण नियमात दुरुस्ती पुरेल.

एक सावधगिरी. नोंदी लवकर नष्ट करा असं सरसकट मागू नका. मी आरोपींची वकील आहे. माझा अशील तिथे नव्हताच हे सिद्ध करायला कित्येकदा तोच सीडीआर कामी येतो, आणि खटला उभा राहीपर्यंत तो गेलेला असतो. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये कंपन्यांना सांगितलंय की तपासात घेतलेले सीडीआर आणि त्या काळातल्या नोंदी वेगळ्या, सुरक्षित जतन करा. तेव्हा मागणी अशी करावी की प्रकरणाशी संबंध असलेलं जपा, बाकीचं पुसा.

तिऱ्हाइताचा विचार आपली न्यायालयंही करू लागली आहेत. घटस्फोटाच्या एका प्रकरणात पत्नीच्या कथित मित्राच्या टॉवर लोकेशनची मागणी कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळली. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याचा खासगीपणा मोडता येणार नाही म्हणून. आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात सीडीआर बेकायदा मिळवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड आहे. चोरीला शिक्षा आहे. अधिकृतपणे मागवलेल्या यादीचं पुढे काय होतं, यावर मात्र कुणाचा पहारा नाही.

निवृत्त_पीआय

सावलीताईंसाठी एक लगेच करता येण्याजोगी गोष्ट. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते ओटीपी टाकून दिसतं. एका माणसाला नऊपर्यंत घेता येतात. बाईने स्वतःच्या नावाचं वेगळं सिम घ्यावं, आणि शक्यतो हँडसेटही वेगळा, साधा बटणांचा चालेल. नवऱ्याने घेऊन दिलेल्या स्मार्टफोनमध्ये नवं सिम घातलं तर ते त्याला दिसायला वेळ लागत नाही.

बागायतदार_निफाड

पोलिसांच्या बाबतीत माझं मत अजून तेच आहे, त्यांना पत्रापत्रीत अडकवू नका. पण बिलाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझ्या घरातली चारही सिमं माझ्याच नावावर आहेत, सुनेचंसुद्धा. या आठवड्यात तिचं तिच्या नावावर करून देतो. पत्र लिहिणार असाल तर माझी सही धरा.

रानजाई

मुक्तछंद, सावली, तुमच्यामुळे माझी मागणी बदलली. दोन वेगळी पत्रं करू, कारण दारं वेगळी आहेत.

पहिलं ट्रायला: नोंदणी केलेल्या समुपदेशन केंद्रांचे आणि हेल्पलाइनचे नंबर तपशीलवार बिलात, कंपनीच्या ॲपमध्ये आणि प्रीपेडच्या मागवलेल्या तपशिलात दिसू नयेत.

दुसरं केंद्रीय गृह मंत्रालयाला: एसपींनी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना दरमहा जी माहिती द्यायची, तिचे निदान एकूण आकडे जिल्ह्यावार जाहीर व्हावेत. टॉवर डम्पमधले संबंध नसलेले नंबर पुसल्याचा दाखला तपासाच्या कागदांत असावा. तपास संपल्यावर कळवावं ते सिम वापरणाऱ्याला, आणि कसं, याचा मार्ग ठरवावा.

सावली

पहिल्या पत्रात एक वाक्य वाढवाल? सिम नवऱ्याच्या नावावरून बाईच्या नावावर करायला आज त्याची संमती लागते. पोलिसांकडे तक्रार किंवा संरक्षण अधिकाऱ्याचं पत्र असेल तर त्या संमतीशिवाय नंबर तिच्याकडे यावा. नंबर सोडून द्यायचा म्हणजे तिचं बँक खातं, आधारचा ओटीपी, मुलांच्या शाळेचे निरोप, सगळंच सोडणं होतं. त्यासाठी बायका जुनंच सिम वापरत राहतात.

रानजाई

घातलं. अमेरिकेतल्या दोन दिवसांच्या मुदतीचा दाखला त्याच परिच्छेदात देते. मुक्तछंद, नियमाचा नेमका क्रमांक तेवढा तपासून द्याल का? मसुदा उद्या रात्रीपर्यंत याच धाग्यात टाकते. ज्यांना सही करायची आहे त्यांनी इथे नंबर देऊ नये, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.